नातीच्या फोनआधी

अहो,

मी भुसावळला अक्काकडे जातेय, उद्या येईन. कळण्याची भाकर टोपल्यात आहे, ठेचा वाटीत.

संध्याकाळी कॅनडाहून कुंदनच्या मिहिकाचा व्हिडिओ कॉल येईल. आपल्याला तिचं इंग्रजी कळलं नाही की पोर लगेच पळते. म्हणून तर मी भांड्याकुंड्यांवर इंग्रजी नावं लिहून खळीने चिकटवलीत. "कुंदा, हाई घर शे का दुकान?" म्हणत ती खरवडू नका. एकेक वस्तू तिला दाखवा, नाव वाचा, चुकलं तर हसू द्या. तेवढा वेळ ती समोर राहते.

शेवटी 'कधी येशील' एवढं विचारा. फोन टेकवतो त्या डब्यावर ते इंग्रजीत लिहिलंय. मला पाठ आहे हो, पण तिला बघितलं की आवाजच फुटत नाही.

कुंदा