झाडउंदीर, बुरशी आणि आमची तुळई

प्रति,
मा. वन्यजीव संरक्षण अधिकारी,
विभागीय कार्यालय.

विषय : तुळई बदलण्यास परवानगी मिळणेबाबत, तसेच झाडउंदीर व बुरशी यांच्यातील भेदभावाबाबत.
संदर्भ : ‘तुळईस हात लावू नये’ ही आपली नोटीस.

महोदय,

वरील विषयास अनुसरून, कपडे धुऊन इस्त्री करून देणारा मी लाँड्रीवाला सविनय कळवतो की, आमच्या तुळईच्या पोकळीत दुर्मिळ झाडउंदराची मादी व्याल्याने आपण दुरुस्ती थांबवलीत. तुळईखाली माझी आई अंथरुणाला खिळलेली आहे. खोली एकच, पुढे दुकान, मागे आई.

१. मादीला उजेडाचा त्रास नको म्हणून आपल्या निरीक्षकसाहेबांनी पडदा लावण्यास फर्मावले. लाँड्रीवाल्याकडे पडदा म्हणजे गिऱ्हाइकाची चादर, तीही ओली. आम्ही इमानेइतबारे रोज नवी ओली चादर टांगली. लाकडात ओल मुरली आणि बुरशीने चांगलेच बाळसे धरले.

२. आता उभयतांची तुलना व्हावी. झाडउंदीर दुर्मिळ, म्हणून त्याची फाइल, त्याचे फोटो, शिवाय साहेब येताना खिशातून बदाम आणतात. तो दिवसभर झोपतो. बुरशी पडली सामान्य, तिला कुत्रंसुद्धा विचारत नाही. तरीही ती रजा न टाकता रात्रंदिवस तुळई खाते. कामाच्या उरकाबाबत आपल्या कार्यालयाने तिचा कित्ता गिरवावा, असे माझे नम्र मत आहे.

३. बुरशी काढू का, असे विचारता साहेब म्हणाले, “खुशाल काढा, फक्त लाकडाला धक्का लागता कामा नये.” बुरशी लाकडाच्या आतच आहे हे दाखवल्यावर त्यांनी मान डोलावली आणि “वरती कळवतो” म्हणून गेले. आई म्हणाली, “वरती कळवायला बहुतेक मलाच जावं लागणार.”

४. काल मादीने एकेक पिल्लू तोंडात धरून शेजारच्या छपरात बिऱ्हाड हलवले. तिने आपली परवानगी घेतली नाही, याची नोंद व्हावी. पोकळी रिकामी असल्याचा दाखला मात्र विणीचा हंगाम संपल्यावरच मिळेल, असे आपले कार्यालय सांगते. साहेब, मला भीती वाटते. तिला जे कळले ते आम्हालाही कळते आहे. आईला मीही उचलू शकतो, पण ठेवू कुठे? तरी सुतार लावण्याची परवानगी आजच द्यावी.

आपला, अजून छपराखाली असलेला,
(सही)
लाँड्रीवाला
दिनांक : १४ मार्च

सोबत : तुळईचा एक तुकडा. हत्यार लावलेले नाही. आज सकाळी आईच्या उशीवर सापडला.