कोऱ्या फाइलीतलं गाऱ्हाणं

लांजा, ४ मार्च २०२५

चि. दिशास काशीआजीचे पोटभर आशीर्वाद.

अक्षर तुझ्या नम्रताकाकीचं, जीभ माझी. फोनवर तू हो-हो करतेस नि विसरतेस, म्हणून कागद.

आंबा तयार झालाय, पण धोंडू गडी झाडावर चढेना. दरवर्षी तुझे आजोबा बागेच्या राखणदार देवाला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालत, मगच पहिला आंबा उतरे. आता ते गेले, नि ते शब्द दुसऱ्या कुणाला येत नाहीत. तिन्हीसांजेला बागेत कुणी खाकरतं. धोंडू म्हणतो, राखणदार कोपलाय. मला ते खाकरणं ओळखीचं वाटतं.

त्यांच्या जुन्या मोबाइलात गाऱ्हाणं भरलेलं आहे, पण वाजत नाही. आतलं कार्ड पाठवते. एवढी शिकलीस, तर आजोबांना बोलतं कर.

लोभ आहेच, जेवत जा, म्हणजे वाढेलही.

तुझी आजी


पुणे, ११ मार्च

ती. आजीस दिशाचा सा. नमस्कार.

फाइल म्हणजे बाइटांची लांब रांग, एकेक बाइट म्हणजे छोटा आकडा. जावा नावाच्या संगणकाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहून मी ते वाचले. आवाज शाबूत होता, फक्त सुरुवातीचे बाइट बिघडले होते. तेवढेच बदलायला तीच फाइल लिहिण्यासाठी उघडली. आजी, नुसती तशी उघडली की जावा आधी ती कोरी करतं. मला हे माहीत होतं. घाईत प्रतही काढली नाही. आता फाइलीत शून्य बाइट आहेत. परत मिळवायचा खटाटोपही फुकट गेला.

आजोबांना मीच पुसलं. रागाव, पण कागद पाठव.

तुझी दिशा


लांजा, १८ मार्च

चि. दिशास आशीर्वाद. डोळे पुसून मग वाच.

माझी पाटी जन्मभर कोरी, तरी आजोबा नांदलेच ना माझ्याशी?

काल नारळ घेऊन मीच उभी राहिले. बायकांनी गाऱ्हाणं घालायचं नसतं, असं धोंडू पुटपुटला. मग तूच घाल, म्हटलं. मागे सरला. तो नि नम्रता बांधावर, मी एकटी आंब्याच्या कलमाखाली. आजवर गाऱ्हाण्याला मागून नुसतं ‘होय महाराजा’ म्हणणारी मी, मध्येच अडले. तर मागून पुढचा शब्द आला. पुन्हा अडले, पुन्हा आला, भाकरी करपल्यावर ते बोलत तसा वैतागून. वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ते गेले असते.

नम्रता म्हणते, तिने काही ऐकलं नाही. पण हे लिहिताना तिचं अक्षर बघ, कसं वाकडं जातंय.

आंबा उतरतोय. पण गाऱ्हाणं पुरं झालं तसं ते खाकरणंही थांबलं, नि बाग अगदी रिकामी झाली, बाये. शेवटचा शब्द मी मुद्दाम चुकवायला हवा होता.

माया असू दे, आम्हा दोघांवर.

तुझी आजी