शिनोलीहून आलेली साक्ष

जुन्नर,
ता. ४ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. रत्ना हिस भिमाजीदादाचा प्रभूमध्ये सप्रेम सलाम. वि. वि.

फोनवर तू ‘बरंय’ म्हणून मोकळी होतेस, म्हणून पत्र. येत्या सतराला आपल्या मंडळीत, चर्चमध्ये, कापणीचा सण आहे. सयाजीरावांना अंथरुणात सोडून तुला येता यायचं नाही, तेव्हा देवाच्या विश्वासूपणाची साक्ष लिहून पाठव, मी वाचीन. हिरड्याच्या झाडावरून पडूनही देवानं त्यांना राखलं, हे लोकांच्या कानी पडायला हवं.

काल शाळेवरून गेलो. चौथीच्या खिडकीत अजून तेच ऊन. तिसरी-चौथी एकाच खोलीत बसायची, आपण एका सुरात कविता म्हणायचो आणि तू शेवटची ओळ माझ्या आधीच संपवायचीस! तशी गोड साक्ष लिही. पाळकसाहेब म्हणतात, शेवट आनंदाचा असावा.

माया आटू देऊ नकोस.
तुझा दादा

शिनोली,
ता. ९ नोव्हेंबर

ती. दादास रत्नाचा सलाम. वि. वि.

आनंदाचा शेवट कुठून आणू? डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, हे आता चालणार नाहीत. ह्यांना कुशीवर वळवून वळवून माझी कंबर गेली. तुमची मंडळी येते, तासभर डोळे मिटते, चहा पिते आणि वळवायची वेळ झाली की सगळ्यांची एसटी निघते! गेल्या खेपेला गोरखभाऊ म्हणाले, तुमचा विश्वास कमी पडतोय. दादा, पातेलं फेकणार होते, पण त्यात दूध होतं.

लिही म्हणतोस तर घे. मी रोज देवाशी भांडते. उत्तर येत नाही. तरी सकाळी पुन्हा त्याच्याच दारात जाते, कारण दुसऱ्या कुणावर एवढं ओरडता येत नाही, आणि त्यानं अजून मला हाकललेलं नाही. हीच साक्ष. वाचायची तर सगळी वाच, गोरखभाऊंसकट. मध्ये कविता घुसडू नकोस.

वैतागलेली, पण तुझीच,
रत्ना

जुन्नर,
ता. १८ नोव्हेंबर

चि. रत्नास सलाम. वि. वि.

काय गं ही साक्ष! पाळकसाहेबांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, गोरखचं तेवढं गाळा. गाळणारच होतो. समोर भोपळे, ऊस, भाताच्या लोंब्या रचलेल्या, पहिल्या बाकावर गोरख नव्या शर्टात. पण तुझं अक्षर पाहिलं आणि गाळवेना. सगळं वाचलं. नंतर त्या अर्पणांच्या लिलावात भोपळ्यालासुद्धा बोली लागेना, इतके सगळे गप्प!

मग गोरख तरातरा माझ्याकडे आला. वाटलं, आता मारतो. त्यानं विचारलं, माणसाला वळवतात कसं. मला कुठं ठाऊक? तो, त्याची बायको प्रतिभा आणि मी शुक्रवारी येतो. शिकव.

रागातही आठवण ठेव.
दादा

शिनोली,
ता. २३ नोव्हेंबर

ती. दादास सलाम. वि. वि.

काय तुमची ती तऱ्हा! गोरखभाऊंनी ह्यांना पोत्यासारखं ओढलं, प्रतिभा त्यांच्यावर खेकसली आणि तू उशाशी कविता म्हणत बसलास. मी आत जरा पाठ टेकली, ती दिवेलागणीलाच उठले. तुम्ही न सांगता निघून गेलेले! ह्यांच्यावर चिडले, उठवलं का नाही म्हणून.

हे म्हणाले, मीच नको म्हटलं. दादा, एक गोष्ट मी साक्षीत लिहिली नव्हती. पडल्यापासून ह्यांनी प्रार्थना सोडली होती. काल तुम्ही गेल्यावर ह्यांनी आढ्याकडे बघत एवढंच मागितलं म्हणे, की तिला झोपू दे. रोज त्या वेळी शेजारच्या चिमाबाईंची गिरणी सुरू होते, रस्त्यावर टेम्पो कर्कश्श वाजतात. काल, हे सांगतात, कुणी म्हणता कुणी आवाज केला नाही.

पुढच्या शुक्रवारी या. वाट बघते.
रत्ना