ज्याने खोललं त्यानेच बसवायचं

सोमवार, ३

पाय भरून आलेत. आज माणसांना नावं नव्हती, नंबर होते. एकोणतीस ते बावन्न. चोवीस सायकली! काम करणारी माणसं दोन. त्यातला एक एकाहत्तर वर्षांचा.

अडतीसला ब्रेकची वायर. चाळीसच्या डुगडुगत्या चाकाची आउट काढली. आरे इतके सैल की ही माणसं सायकल चालवतात की तिच्यावर कपडे वाळत घालतात! दुपारी दादाची पाठ धरली. म्हणाला, "बारके, पाच मिनिटं आडवा होतो." त्याची पाच मिनिटं मला ठाऊक आहेत. मागच्या खोलीत खोक्यांवर झोपलाच. पंक्चरं सगळी त्याच्याकडे. ट्यूब बदलून झालेली दोन चाकं तशीच भिंतीला टेकवलेली. एक्केचाळीस सारखी घड्याळ बघत होती. शेवटी तिचं चाक मीच चढवलं, मग चव्वेचाळीसचं. तेवढ्यात फोन, तेवढ्यात पंचेचाळीस. बाबा असते तर ओरडले असते. त्यांचा नियम — ज्याने खोललं त्यानेच बसवायचं. दोन्ही चाकांच्या कामाच्या चिठ्ठ्या मात्र नियमाप्रमाणे दादाच्या खिळ्याला लावल्या. खोललं त्याने.

उठल्यावर तो शनिवारच्या कॅरिअरचा नट शोधत बसला. नट त्याच्याच खिशात. मी नुसतं खिशाकडे बोट दाखवलं. तोंड बोललं असेल.

मंगळवार, ४

खुणांच्या बाई पडल्या. काल दुपारी, आमच्याच उतारावर, खालच्या सिग्नलपाशी. दुकानातून निघून दोन मिनिटंही झाली नसतील. आम्हाला पत्ता नाही! उजवं मनगट मोडलं.

बहिऱ्या माणसांसाठी कोर्टात, दवाखान्यात हातांच्या खुणांनी दुभाषाचं काम करतात. म्हणून दादाने ठेवलेलं नाव. आणि मोडला तो हात.

शटर पुरतं वर गेलं नव्हतं तोवर बाईंचा नवरा दारात. "या सायकलला मागे ब्रेकच नाही! कुणी काढला?"

दादा म्हणाला, "मी. त्यांनीच सांगितलं म्हणून."

"उद्या ती म्हणेल पुढचं चाक काढा. काढाल?"

दादाने फडक्याला हात पुसले. माझ्याकडे उत्तर होतं, पण ते नवऱ्याच्या बाजूचं.

वर्षभराचा जुना वाद आहे हा. बाईंची सायकल फिक्सची. एकच गिअर, आणि चाक फिरतंय तोवर पॅडल फिरणारच, सुटं पडत नाही. पायांनी मागे रेटलं की मागचं चाक आवरतं. दादाचं म्हणणं, पाय हाच मागचा ब्रेक. त्यावर आणखी एक लावणं म्हणजे टकल्याला कंगवा. पुढे एक आहे, बस झाला. माझं म्हणणं, चेन निसटली तर? पुढचा एकटाच करकचून दाबला तर माणूस हँडलवरून जातो. "तू ना बारके, पट्टा लावून वर नाडी बांधणाऱ्यांतली!" गेल्या वर्षी बाई आल्या, म्हणाल्या काढून टाका, सायकल मोकळी दिसेल. दादाने काढला. मी हटकलं नाही. हटकायचाही कंटाळा येतो.

बुधवार, ५

 दादा बाईंचा काढलेला तो ब्रेक डब्यातून शोधून दिवसभर पुसत बसला होता.

शुक्रवार, ७

बाईंकडे जाऊन आले. दादा येत नाही म्हणाला. तिसरा मजला, लिफ्ट नाही, माझे गुडघे.

हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये. डाव्या हाताने बोलताना मध्येच थांबतात. शब्दाचा दुसरा अर्धा भाग उजव्याकडे असतो, म्हणाल्या.

ब्रेकबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. वेगळंच सांगितलं. "उताराच्या तोंडाशी मी पायांनी मागे रेटलं. रोज रेटते. पाय रिकामेच गेले. अंधारात जिन्याची एक पायरी जास्त धरतो ना आपण, तसे. मग समोर बस, मग पुढचा ब्रेक. मग काही नाही."

नवरा दारातून, "घाबरली ती. पाय निसटला."

"मी घाबरले नाही."

"बरं, नाही घाबरलीस."

हे ‘बरं’ मला ओळखीचं वाटलं. दादाशी बोलताना मी असंच म्हणते.

निघताना म्हणाल्या, "सायकल नीट बघा. पाय निसटला असेल तर तसं लिहून द्या. नसेल तर तसं द्या. मला बाकी काही नको. घरात सगळे माझ्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं बोलतायत."

रविवार, ९

दुकान बंद. दादाकडे जेवायला गेले. वहिनी भांडी घासताना म्हणाली, "वन्सं, दुकानात ठीक असतात ना हे? मागच्या आठवड्यात दोनदा किल्ल्या हरवल्या."

म्हटलं, "कॅरिअरचा नट खिशात घेऊन शोधत होता."

"ते तर लग्नातही मुंडावळ्या डोक्याला बांधून शोधत होते!" हसली. मग हसायची थांबली. "तुम्ही लक्ष ठेवा हो."

लक्ष ठेवते. तेच एक काम वाढलंय.

मंगळवार, ११

नवऱ्याने सायकल आणून टाकली. "बघा काय ते." दादा यायचा होता. मी एकटीच.

पुढच्या चाकाचा चिमटा वाकलेला, हँडल तिरपं. चेन जागेवर. स्टँडला लावली, मागचं चाक हाताने फिरवलं. पॅडल बरोबर फिरायला हवं. चाक फिरतंय आणि पॅडल ढिम्म! पॅडल उलटं फिरवलं. टिक टिक टिक. वाकून मागच्या चाकाच्या मधला हब बघितला.

त्या हबला दोन्ही अंगांना दाते आहेत. एकीकडे फिक्सचे, दुसरीकडे साधं फ्रीव्हील, पॅडल सुटं सोडणारं. दोन्हींना सोळा सोळा. चाक उलटसुलट चढलं तर तीच सायकल दुसरी होते. चेन तेवढीच ताणते, वरवर काही दिसत नाही. म्हणून चढवल्यावर पॅडल एकदा उलटं फिरवून बघायचं. अर्ध्या श्वासाचं काम. ते झालं नाही.

बाई घाबरल्या नव्हत्या. पायातला ब्रेक आम्ही काढून घेतला होता आणि सांगितलं नव्हतं. मागचा ब्रेक त्याआधीच डब्यात.

दादाचा खिळा बघितला. चिठ्ठी होती. ४१, फिक्स, मागचं पंक्चर. त्याचं अक्षर, ओळीशेवटी त्याचं नेहमीचं टिंब.

दादा. अरे दादा.

बुधवार, १२

सांगितलं. गिऱ्हाईक नसताना, शटर अर्धं ओढून.

तो स्टँडपाशी गेला. चाक फिरवलं. पॅडल उलटं फिरवलं. टिक टिक. पुन्हा फिरवलं. बराच वेळ ऐकत होता.

"हे मी चढवलं?"

"चिठ्ठी तुझ्या खिळ्याला आहे."

"मला चढवल्याचं आठवत नाही, बारके. ट्यूब बदलल्याचं आठवतं. टायरमध्ये काच होती, हिरवी, तीही आठवते." बोटांनी काचेचा आकार दाखवला. "चढवल्याचं नाही आठवत."

"दादा, हल्ली तुला बऱ्याच गोष्टी आठवत नाहीत."

हे मी म्हणाले. आवाज चढवला नाही. तो चढवला असता तर बरं झालं असतं.

त्याने माझ्याकडे बघितलं. लहानपणी मी पाढे म्हणायचे तेव्हा बघायचा तसं, चुकते का ते बघत. मग मान खाली घातली. "तुला नक्की आठवतंय?"

"नियम आहे, दादा. ज्याने खोललं —"

"त्यानेच बसवायचं. हो. मग मीच."

गुरुवार, १३

बाईंना द्यायचा कागद लिहिला. तीनदा फाडला. शेवटी चार ओळी. मागचे चाक उलटे बसले होते, त्यामुळे पायांनी वेग आवरता आला नाही, चालवणारीची चूक नाही, काम माझ्या थोरल्या भावाने केले. दादाने खाली सही केली. सही करताना चष्मा लावला नाही. वाचलंही नसेल.

मग पंधरा नंबरचा पाना माझ्या ओट्यावर ठेवला. बाबांचा. मुठीला कापडी पट्टी गुंडाळलेला. पट्टी दर वर्षी तोच बदलतो.

"हा तुझ्याकडे असू दे."

म्हटलं, "काही दिवस आराम कर."

"हो. काही दिवस."

मला सुटल्यासारखं वाटलं. खरं लिहायचं तर तेच वाटलं. आता एकाच माणसावर लक्ष ठेवायचं, स्वतःवर.

शनिवार, १५

एकटी. एकोणीस सायकली. गोष्ट पसरलीय. चार फिक्सवाले आले, सगळ्यांना मागचा ब्रेक हवा. गेल्या महिन्यापर्यंत हेच दादाच्या बाजूने मला हसत होते. त्यातला एक पोस्टमन म्हणाला, "आजोबा कुठेत?" म्हटलं घरी. "मग पंक्चर सोमवारी काढून घेतो." मी काय इथे आरती ओवाळायला बसलेय!

सोमवार, १७

कागद बाईंना दिला. त्यांनी दोनदा वाचला. मग नवऱ्यासमोर धरला आणि डाव्या हाताने एक खूण केली. हनुवटीपासून पुढे, सरळ. नवऱ्याने मान खाली घातली.

"काय म्हणालात?"

"खरं. हा शब्द एका हाताने होतो."

मग म्हणाल्या, "दादांवर माझा राग नाही. वय झालं की होतं. त्यांना सांगा."

मी मान डोलावली.

सायकल दुरुस्त झाली की मागचा ब्रेक लावून द्या म्हणाल्या. "पायांवर भरवसा आहे अजून. दुसऱ्यांच्या हातांवर नाही राहिला. राग मानू नका."

राग कसला. वाद मी जिंकले. तिसऱ्या मजल्यावरून उतरताना कठडा धरून धरून उतरले.

मंगळवार, १८

बाईंच्या सायकलला ब्रेक लावला. दादाने पुसून ठेवलेला तोच. लखलखीत.

बुधवार, १९

संध्याकाळी वहिनी दुकानात आली. दुकानाची पायरी पाच वर्षांत चढली नव्हती. खुर्ची दिली तर टेकली नाही.

"वन्सं, काल ह्यांनी तीनदा विचारलं, गॅस बंद केलास का. बंद होता. मग मला म्हणतात, तू खरं सांगतेस ना? मी कशाला खोटं सांगू हो!" पदराने नाक पुसलं. "टीव्हीचं बटण दाबायला भितात. म्हणतात, मी काही करून बसेन. सारखं एकच. मला आठवत नाही, पण बारकी म्हणते म्हणजे मीच चढवलं असणार."

मी पाना पुसत होते. पुसत राहिले.

"उद्या दहाला डॉक्टरांकडे नेतेय. डोक्याच्या. डॉक्टर फोनवर म्हणाले, दुकानातलं काय झालं ते नीट लिहून आणा. ह्यांनी स्वतःच लिहून काढलं. चार पानं! सगळं स्वतःच्या नावावर."

जाताना म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून वेळेवर लक्षात आलं."

गुरुवार, २०

सकाळी ट्यूबांची मागणी द्यायची होती. मागची कधी दिली ते बघायला ही वही चाळली. तीन तारखेच्या पानावर थांबले.

"एक्केचाळीस सारखी घड्याळ बघत होती. शेवटी तिचं चाक मीच चढवलं."

एक्केचाळीस म्हणजे बाई. माझं अक्षर. दादा तेव्हा खोक्यांवर झोपला होता. तेही लिहिलंय.

साडेआठ झालेत. त्याची वेळ दहाची. आज शटर उघडणार नाही. वही पिशवीत घातली, पाना घातला. निघते.