दोन बागा आणि बिनसाखरेचा चहा

लोणावळा

आदरणीय जीनतआपा,

सलाम. माझी प्रकृती उत्तम आहे. आपले गुडघे कसे आहेत?

नूर हयात असताना आम्ही पवनानगरला धरणाकाठच्या बागेत जात असू. तेथे पाणी आहे, शांतता आहे. येथील बागेत गर्दीच अधिक. तरीही सूनबाई परवीन मला येथेच धाडते. म्हणते, "अब्बा, तिथं एकटेच बसता. इथं चार माणसं भेटतील!"

चार नव्हे, रोज एकच भेटतात: एक विधवा, निवृत्त शिक्षिका. काल त्यांनी मला थर्मासमधला चहा दिला. तो बिनसाखरेचा होता. माझा मधुमेह त्यांना कोणी कळवला?

माझ्या निकाहाचा घाट कोणी घातला असल्यास तो कृपया मोडावा. नूरलाही आपणच पसंत केले होते, म्हणून प्रथम आपल्यालाच विचारतो.

आपला धाकटा भाऊ,
अजीम