बटणातला बिनडोक्याचा स्क्रू

सोमवार, ३
झालं! आज मी काकांचा स्क्रू उडवला. जुना रेडिओ खोललेला असताना दुकानात ब्लोअर लावायचा नाही, हा काकांचा पहिला नियम. ते जेवायला घरी गेले होते, टेबलावर धूळ होती – लावला. काढलेले स्क्रू ते एका झाकणात ठेवतात. त्यातला एक टुणकन उडाला तो उडालाच. आवाज वाढवायच्या बटणाच्या आत बसतो तो, बिनडोक्याचा. माझ्यासारखा.

काका आले, झाकणात बघत राहिले. "मीच कुठेतरी ठेवला असेन," म्हणाले. आणि मी गप्प बसले!

मंगळवार, ४
सगळं दुकान झाडलं. नाही. त्या रेडिओचे आटे इंची, आताचे सगळे मिलिमीटरचे. आमच्या डबीतला एक लावून पाहिला, दोन फेरे गेला आणि अडकला. जोर केला असता तर बटणातल्या पितळेची वाट लागली असती. काका दिवसभर स्वतःचेच खिसे चाचपत होते. बघवेना.

गुरुवार, ६
काकू आली होती. काका हल्ली विसरतात म्हणून ती कधीची त्यांच्या मागे लागलीय. परवापर्यंत उडवून लावायचे, आता स्वतःहून डॉक्टरकडे जायला तयार झालेत! बुधवारची वेळ घेतली. आयुष्यात कधी एक वॉशर न हरवलेला माणूस – माझ्यामुळे स्वतःवर संशय घेतोय. सांगायला तोंड उघडलं, तर "चहा सांगू का?" एवढंच बाहेर पडलं. लाज वाटते स्वतःची.

शनिवार, ८
घड्याळवाल्याकडे नाही. शिलाई मशीनवाला तर हसलाच. शेवटी भंगारवाल्याकडे व्होल्ट मोजायचा एक जुना, मेलेला मीटर मिळाला, त्याच्या बटणात अगदी तसाच होता. पर्समधून रेडिओचं बटण काढून तिथेच लावून पाहिला – शेवटपर्यंत अलगद गेला. भंगारवाला म्हणाला, फुकट न्या ताई, पण रडू नका.

सोमवार, १०
टेबलाच्या पायाशी टाकला आणि मीच "सापडला" म्हणून ओरडले. काकांनी चिमटीत धरून बराच वेळ उजेडात पाहिला. मग हसले. "म्हणजे डोकं शाबूत आहे माझं!"

लगेच काकूला फोन – डॉक्टर रद्द. बटण बसवलं, रेडिओ वाजला, काकांनी मांडीवर ठेका धरला. खरं सांगणार होते, पण तो चेहरा बघून धीर होईना. आत कुठेतरी टोचतंच आहे.

बुधवार, १२
दुकानात पोचले तर काकांनी तोच रेडिओ पुन्हा खोललेला. स्क्रू झाकणात ओळीने मांडलेले. मला म्हणाले, "हा सेट कधी आला गं? तक्रार काय आहे याची?"

डॉक्टरची वेळ आज अकराची होती.