सोयाबीनचं पोतं

माय, काल सकाळी तुझ्या तोंडावरचं ओलं पोतं उचललं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. गालावर, कपाळावर खळगेच खळगे. पंधरा दिवस खपून मी तुझा मातीचा अर्धपुतळा घडवला होता. त्याच्यावरून प्लास्टरचा साचा घेऊन सिमेंटचा पुतळा काढायचा आणि मळ्यातल्या ओट्यावर बसवायचाय. माती सुकू नये म्हणून ओलं पोतं झाकतो, पण काड्यांवर, चेहऱ्याला न टेकता. काडी सरकली. त्यात पोतं दादाच्या घरचं, सोयाबीनचं, आणि मी शहाण्याने ते झटकलंही नव्हतं. विणीत अडकलेले दाणे रात्रभर भिजून फुगले आणि मातीत रुतले.

खळगे बुजवायला वाकलो आणि हात तिथंच थांबला. समोर तू होतीस. फोटोवरून केलेली गुळगुळीत बाई नव्हे, तू. लहानपणी देवी येऊन गेलेली, बाजारात वांग्यांच्या ढिगामागे पदर गालावर ओढून बसणारी. खोटं कशाला सांगू, मी घाबरलो. पार ओसरीपर्यंत मागे आलो. वीस वर्षांपूर्वी गेलेलं माणूस असं सकाळी सकाळी समोर बसलेलं बघवत नाही.

पोळ्याला मी केलेल्या मातीच्या बैलाचं शिंग तुटलं होतं, आठवतं? मी चुलीपाशी भोकाड पसरलंय आणि तू भाकरी थापता थापता बैलाकडे बघतेस. म्हणतेस, "रडतं कायले? आता कुठं तो आपल्या बैलावानी दिसून राह्यला." आपल्या गोठ्यातल्या बैलालाही एकच शिंग होतं. मी रोज त्याला पाणी दाखवायचो, पण ते माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

दुपारी दादा रिठदहून आला. वहिनीही होती. ती म्हणाली, बुजवून टाका, सासूबाईंनी जन्मभर झाकलं ते तुम्ही चारचौघांत मांडणार का. तिचं काही चुकत नव्हतं. दादाने टोपी काढली आणि पुतळ्याच्या जवळ गेला. मग म्हणाला, "हे माय हाय. मंग इतके वर्स आपुन हार कोनाले घालून राह्यलो?"

तुला विचारायची सोय नाही. माती तडकायच्या आत ठरवणं भाग होतं. आज सकाळी साच्यासाठी खळग्यांसकट प्लास्टर ओतलं. आता बदलता येणार नाही. तुला राग येईल ही धास्ती सकाळपासून आहे.

दादाने काल जाताना विचारलं, फोटोत व्रण कसे नाहीत. फोटोवाल्याची करामत, मी म्हणालो. हा कागद कुणाला दाखवायचा नाही, म्हणून इथं लिहितो. तुला स्टुडिओबाहेर बाकावर बसवून मीच फोटोवाल्याला हळूच सांगितलं होतं, व्रण काढून टाक. मला तुझी लाज वाटायची. फोटो हातात आला तेव्हा तू एवढंच विचारलंस, "हे कोन हाय?" मी म्हणालो, मशीनच तशी आहे. तू मान हलवलीस. तुला कळलंय, हे मला तेव्हाच कळलं होतं.